खांद्यावरची सायकल

भीमेच्या काठच्या काळ्या रानातून पावसाळ्यात ज्याने सायकल नेली आहे, त्याला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. सायकल माणसाला वाहून नेते, हे अर्धेच सत्य आहे. आषाढापासून आश्विनापर्यंत आमच्या करजगीच्या शिवारात पुष्कळदा माणसालाच सायकल वाहून न्यावी लागे. ही माती उन्हाळ्यात वीतवीत भेगाळते आणि पहिल्या दमदार सरीनंतर अशी काही चिकट होते की, चाकाचे दहा-बारा फेरे होईतो मडगार्ड आणि टायर यांच्यामधली बोटभर फट गच्च भरून जाते. मग चाक फिरत नाही, नुसते फरफटत जाते. खाली उतरावे, बाभळीची काडी शोधावी, चिखल उकरून काढावा, पन्नास पावले जावे आणि पुन्हा उतरावे. शहाणा माणूस हे दोनदा करतो. तिसऱ्या वेळी तो सायकल सरळ उचलून खांद्यावर घेतो.

आमच्या घरात हे शहाणपण सर्वांत आधी आले ते आमच्या धाकट्या भावाला. वडिलांची जुनी हर्क्युलीस होती. तिची मडगार्डे त्याने एके दिवशी कुणाला न विचारता काढून माळ्यावर टाकली आणि त्याबद्दल मारही खाल्ला. मधली नळी उजव्या खांद्यावर, उजवा हात खालून वळवून हँडलाची डावी मूठ धरलेली, डावा हात तोल सांभाळायला मोकळा, अशा थाटात तो बांधावरून पळत जाई. पळत पळतच सायकल खाली टाकी आणि चाक जमिनीला लागते न लागते तोच सीटवर बसलेला असे. आम्ही त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. आम्हांला या प्रकाराचे कौतुक वाटण्यापेक्षा लाजच अधिक वाटे. मास्तरांच्या घरचा मुलगा चिखलाने माखून गावातून पळतो, हे काही आमच्या पांढरपेशा मनाला रुचत नसे.

हे सारे पन्नास वर्षांनी पुन्हा वर येण्याचे कारण घडले २०२४ च्या फेब्रुवारीत. भावाची नात तेव्हा सहावीत होती. संध्याकाळी ती मोबाइल घेऊन आमच्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, “अज्जा, हे बघा. आपल्या धाकट्या अज्जांसारखं धरलंय की नाही?” पडद्यावर एक गोरा पोरगा चिखलातून धावत होता. उजव्या खांद्यावर सायकल, हात खालून वळवून हँडलाची डावी मूठ धरलेली. चढ संपला, त्याने सायकल खाली टाकली आणि उडी मारून तो स्वार झाला. आम्ही चष्मा पुसला आणि तिला म्हणालो, “पुन्हा एकदा लाव.” तिने पाच वेळा लावले.

त्या मुलाचे नाव स्टेफानो व्हिएझी. २००६ साली जन्मलेला, इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील फ्रिउली प्रांतातल्या मायानो नावाच्या लहानशा गावचा. २०२४ च्या हिवाळ्यात चेक देशातील ताबोर येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कनिष्ठ गटाचे विजेतेपद त्याने मिळवले, तेव्हा तो वयाच्या अठराव्या वर्षात होता. त्याच हंगामातील विश्वचषक मालिकेतही कनिष्ठ गटात त्याने पहिला क्रमांक पटकावला होता. खेळाचे नाव सायक्लोक्रॉस.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. युरोपात रस्त्यावरच्या सायकल शर्यती वसंतापासून शरदापर्यंत चालतात. थंडीचे महिने स्वारांनी काय करावे, या प्रश्नातून विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये हा प्रकार निघाला. दानिएल गुसो नावाच्या एका फ्रेंच सैनिकाला त्याच्या जनकत्वाचा मान देतात; १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० मध्ये ऑक्ताव्ह लापीझ याने ‘टूर दी फ्रान्स’ जिंकली आणि आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील या चिखलातल्या सरावाला दिले, तेव्हापासून लोक त्याकडे गांभीर्याने पाहू लागले. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली.

शर्यतीचे स्वरूप असे. अडीच-तीन किलोमीटरांचा एक फेरा आखतात. त्यात गवत, चिखल, वाळू, चढ, पायऱ्या सारे काही येते आणि मध्येच चाळीस सेंटिमीटर उंचीच्या फळ्या आडव्या उभ्या केलेल्या असतात. काहीजण त्यांवरून सायकलसह उडी मारतात. बाकीचे उतरून, सायकल उचलून ओलांडतात. थोरांची शर्यत तासाभराची, कनिष्ठांची चाळीस-एक मिनिटांची. चाके रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीसारखीच बारीक, फक्त टायर थोडे जाड आणि गाठाळ; त्यांची जाडी तेहतीस मिलिमीटरांहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. चिखलाने सायकल जड झाली की स्वार ठरलेल्या जागी ती टाकून दुसरी घेतो. त्याचे सोबती पहिली धुऊन, पुसून पुढच्या फेऱ्याला तयार ठेवतात. हा शेवटचा तपशील ऐकून आमच्या नातीने दीर्घ उसासा टाकला. तिच्याकडे एकच सायकल आहे, आणि ती धुणारी तीच.

या खेळावर अलीकडे सत्ता आहे ती बेल्जम आणि हॉलंडची. तिथे ऐन थंडीत हजारो माणसे शर्यत पाहायला चिखलात उभी राहतात. इटलीचेही एके काळी मोठे नाव होते. रेनातो लोंगो याने १९५९ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि पुढे १९६२, १९६४, १९६५ व १९६७ असे आणखी चार वेळा ते घरी आणले. हा लोंगो २०२३ साली वारला. त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात व्हिएझीने ताबोर जिंकले. दोघांच्या मध्ये आणखी एक नाव येते, दानिएले पोंतोनी. १९९२ मध्ये हौशी गटाचा आणि १९९७ मध्ये थोरांच्या गटाचा तो जगज्जेता होता. तो फ्रिउलीचाच, आणि व्हिएझी जिंकला तेव्हा इटलीच्या राष्ट्रीय संघाचा मार्गदर्शकही तोच होता. एका लहान प्रांतात एकाने वाट पाडली की मागचा तीवरून चालतो. पाठांतराची परंपरा एखाद्या घराण्यात टिकते, तशातलाच हा प्रकार म्हणायचा.

पण आमचे मन अडकले ते मायानो या नावापाशी. ते गाव आम्हांला अगदीच अनोळखी वाटेना. १९७६ च्या ६ मे रोजी रात्री फ्रिउलीत मोठा भूकंप झाला. जवळजवळ एक हजार माणसे दगावली. जेमोना, व्हेन्झोने आणि मायानो ही गावे अक्षरशः कोसळली. पुढे तेथील लोकांनी गावे पुन्हा उभी केली ती बव्हंशी जुन्याच जागी, जुन्याच वळणाने. आधी कारखाने, मग घरे, मग देवळे, असा क्रम त्यांनी आपसांत ठरवला होता. हाताला काम असले की माणूस गाव सोडत नाही आणि माणूस राहिला की देऊळ केव्हाही बांधता येते, असे त्यामागचे व्यवहारी शहाणपण.

१९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट आपल्यापैकी कोण विसरेल? अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीची जमीन हलली. आमच्या घरी फळीवरची पितळी भांडी एकमेकांवर आपटून खाली आली, भिंतीला एक तडा गेला, त्यापलीकडे काही झाले नाही. सकाळी बातम्या आल्या तेव्हा कळले की, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीच्या धाब्याच्या घरांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. आमची बहीण त्या बाजूला दिलेली. तिचे घर वाचले, शेजारचे नाही. त्या दिवशी गाड्या-मोटारींचा भरवसा नव्हता, म्हणून आमचा भाऊ छत्तिसाव्या वर्षी सायकल काढून तिकडे निघाला. दुसऱ्या दिवशी तो पोचला आणि तिसऱ्या दिवशी त्याने तारेने खुशाली कळवली. सायकल कुठून आणली, असे आम्ही पुढे विचारले, तर म्हणाला, “शेजाऱ्याची मागून नेली, अण्णा. आपल्याकडे कुठे आहे?” हे वाक्य त्याने साधेपणाने उच्चारले होते. आम्हांला ते साधे वाटले नाही, आणि त्याचे कारण आता सांगितलेच पाहिजे.

वडील १९७१ साली वारले. लगेच पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. आम्ही नुकतेच शाळेत नोकरीला लागलो होतो. पगार थोडा, तोंडे सहा. १९७४ च्या माघात गावच्या जत्रेत सायकलींची शर्यत ठेवली होती. कच्चा रस्ता, एक ओढा, पुढे माळाचा चढ आणि परत. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. मडगार्ड नसलेल्या त्या हर्क्युलीसवर तो पहिला आला आणि दुसऱ्यात व त्याच्यात इतके अंतर पडले की, पंचांना वाटले, हा वाटेतूनच माघारी फिरला असावा. ओढ्याच्या पलीकडे उभा असलेला माणूस येऊन साक्ष देईपर्यंत त्याला बक्षीस दिले नाही. बक्षीस म्हणजे एक पितळी तांब्या. तो अजून देवघरात आहे.

नदीपलीकडच्या एका मोठ्या गावचे व्यायामशिक्षक ती शर्यत पाहायला आले होते. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. कानडी बोलणारे, अदबशीर गृहस्थ. म्हणाले, मुलगा सहा महिने माझ्याकडे पाठवा, राहण्याजेवण्याचे मी पाहतो, राज्याच्या स्पर्धेत उतरवू. त्यांनी एक कागदही आणला होता. त्यावर पालक म्हणून आमची सही हवी होती. आमचे वय चोवीस. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि आमच्याकडे न पाहता अंगणातल्या तुळशीकडे पाहत होता.

आम्ही सही केली नाही. कारणे सांगितली ती सगळी खरी होती. बहिणीचे लग्न वैशाखात ठरले होते. भावाची शालान्त परीक्षा तोंडावर आली होती. सायकल मारून पोट भरलेला मनुष्य आमच्या पाहण्यात नव्हता. परंतु एक कारण आम्ही सांगितले नाही आणि ते याहून खरे होते. आमच्या मुलाने नदीपलीकडे, परक्या घरी, कानडीत दिवस काढावेत, हे आम्हांला नको होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि आमचा गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याची सल वडिलांच्या मनातून शेवटपर्यंत निघाली नव्हती. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले तेव्हा ती आमच्या वाट्याला आली. घरातली मराठी म्हणजे देव्हाऱ्यातला दिवा, वारा लागू द्यायचा नाही, अशी आमची समजूत होती. भावाला आम्ही त्या दिव्याचा पहारेकरी नेमले, आणि त्याला कधी विचारले नाही.

वैशाखात लग्नाला पैसे कमी पडले तेव्हा आम्ही सायकल दीडशे रुपयांना विकली. गरज होती, हे खरे. पण गरजेपोटी विकण्यासारख्या आणखीही दोन वस्तू घरात होत्या. सायकलच का निवडली, याचे उत्तर आम्ही स्वतःला पुष्कळ वर्षे दिले नाही.

भाऊ पुढे पाटबंधारे खात्यात कारकून झाला. चांगला संसार केला. आमच्याशी त्याचे कधी वाकडे आले नाही. निवृत्तीनंतर एकदा पारावर बसलो असता तो आपण होऊन म्हणाला, “अण्णा, तुम्ही तेव्हा सही केली असती तरी मी बहुतेक हरलोच असतो. पण निदान हरलो तरी असतो.” एवढे बोलून त्याने सुपारी कातरायला घेतली. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

२०२० च्या ऑक्टोबरात भीमेला मोठा पूर आला. अफजलपूर तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्यात गेली, तूर आणि ऊस आडवे झाले. पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर मांडीएवढा गाळ साचला होता. नात तेव्हा आठ वर्षांची. तिची लहानशी सायकल एका नातलगांच्या घरी अडकली होती आणि तिने त्यापायी रडून घर डोक्यावर घेतले होते. भाऊ त्रेसष्ट वर्षांचा, छातीचे दुखणे सुरू झालेले. तो एकटाच गेला आणि दोन तासांनी बांधावरून परत येताना दिसला. उजव्या खांद्यावर ती लाल सायकल, हात खालून वळवून हँडलाची मूठ धरलेली. अंगणात येताच त्याने ती खाली टाकली आणि नातीला म्हणाला, “अशी धरायची. जड लागत नाही.” २०२१ च्या उन्हाळ्यात तो गेला. मुलीच्या मनात आजोबांची जी मूर्ती राहिली, ती अशी आहे. म्हणून तिने इटलीच्या त्या पोराला क्षणात ओळखले.

यंदा ती नववीत जाईल. आठवीच्या मुलांना सायकल देण्याची कर्नाटक सरकारची योजना २००६-०७ पासून चालू होती. तिच्यामुळे आमच्या भागातील किती मुली सातवीनंतरही शाळेत टिकल्या, ते आम्ही शिक्षक म्हणून डोळ्यांनी पाहिले आहे. करोनाच्या साथीत ती योजना थांबली, तेव्हा नातीला सायकल मिळाली ती बापाच्या पैशांनी. तीवर ती शाळेत जाते, शेतात जाते, आणि पावसाळ्यात मुद्दाम बांधाची वाट धरते. मडगार्डे तिनेही काढून टाकली आहेत. मारण्याची आमची छाती झाली नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात तिने एक कागद आणला. विजापूरच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात सायकल शर्यतीचे शिक्षण मिळते. विजापूर आणि बागलकोट या बाजूची कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले गेली कित्येक वर्षे राष्ट्रीय स्पर्धांतून पदके आणीत आहेत, हे आम्हांला ठाऊक होते. नदी ओलांडली की तो जिल्हा. कागदाच्या तळाशी कानडीत लिहिले होते, ‘पालकर सही’. पालक आणि सही हे दोन्ही शब्द आपलेच. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कागदावरही तेच दोन शब्द असले पाहिजेत. तेव्हा आम्ही ते वाचलेही नव्हते.

सही खरे तर पुतण्याची चालली असती. पण तो म्हणाला, “काका, घरात मोठे तुम्ही. तुम्ही सांगाल ते.” सोलापूरच्या नातलगांचे मत निराळे पडले. मुलीला महाराष्ट्रात आणा, पुण्याला बालेवाडीत सगळी सोय आहे, मराठी मुलीने महाराष्ट्राकडून खेळावे. त्यांचे म्हणणे अगदीच मोडीत काढण्यासारखे नव्हते. मराठी माणसाने सायकलीवर काय करावे, याचे दाखले ते देत होते, आणि ते दाखले खरेच अभिमानाचे आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या विशीतल्या मुलीने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून १५९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुबाडले गेले, तरी ती थांबली नाही. हे सारे ऐकून नात आमच्याकडे वळली आणि तिने विचारले, “अज्जा, विजापूर जवळ की पुणे?” आम्ही म्हणालो, “विजापूर.” ती म्हणाली, “मग झालं.”

मुलांना भूगोल कळतो, इतिहास आपल्याला कळतो, आणि दोहोंत कोण अधिक शहाणे, हे सांगणे कठीण आहे.

त्या रात्री आम्ही पुन्हा फ्रिउलीचा विचार करीत पडलो. तोही सीमेवरचाच मुलूख. एका अंगाला ऑस्ट्रिया, दुसऱ्या अंगाला स्लोव्हेनिया. तेथील लोकांची फ्रिउलियन नावाची स्वतःची भाषा आहे. इटालियनहून ती वेगळी. १९९९ च्या कायद्याने इटलीने तिला अल्पसंख्य भाषा म्हणून मान्यता दिली. त्या प्रांताचा मुलगा इटलीच्या निळ्या सदऱ्यात शर्यत जिंकतो, जगज्जेत्याचा पंचरंगी पट्ट्यांचा पांढरा सदरा अंगावर चढवतो, आणि २०२५ पासून एका बेल्जियन संघाच्या तरुण तुकडीत दाखल होतो. म्हणजे त्याला तिसऱ्याच भाषांच्या देशात राहून शिकायचे आहे. एवढ्याने फ्रिउली पुसले जात नाही. उलट मायानो हे नाव जगाला आता कोसळलेले गाव म्हणून ठाऊक न राहता एका मुलाचे गाव म्हणून ठाऊक झाले. योगायोग असा की, २०२५ साली फ्रान्समधील लिएव्हँ येथे कनिष्ठ गटाचा जगज्जेता पुन्हा इटालियनच झाला. मात्तिया अगोस्तिनाक्यो हा तो मुलगा ऑस्ता खोऱ्याचा. तिथे इटालियनच्या बरोबरीने फ्रेंच ही राजभाषा आहे. दोन वर्षांत दोन जगज्जेते, आणि दोघेही काठावरचे.

काठावरच्या माणसाला उतरून, उचलून, ओलांडून जाण्याची सवय असते, असा सिद्धान्त यावरून मांडण्याचा मोह होतो. आम्ही तो मांडणार नाही. दोन मुलांवरून सिद्धान्त होत नाही आणि मुलांनी शर्यत जिंकली ती पायांच्या बळावर. परंतु या पत्रिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे आमच्यासारखीच कुठल्या तरी वतनाच्या, चाकरीच्या निमित्ताने या मुलखात आली आणि इथलीच झाली. आपल्या घरांतील देवघराची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि कचेरीची एके काळी तिसरीच, उर्दू, होती. या तिन्हींतून आपले आजे-पणजे सहज ये-जा करीत. भिंती उंच केल्या त्या आपल्या पिढीने. भाषा जपण्यासाठी त्या केल्या, हे खरे. पण त्यांच्या आड आपण एखाद्या मुलाची सायकलही विकली, हेही तितकेच खरे. इतरांच्या घरचे आम्हांला ठाऊक नाही. आमच्या घरचे सांगितले.

आम्ही सही केली. हात थोडा कापला. वय झाले आहे.

निवड चाचणीला आम्ही स्वतः गेलो. रणरणते ऊन, सपाट डांबरी रस्ता, चिखलाचा मागमूस नाही. इतर मुलींच्या सायकली हलक्या आणि पातळ चाकांच्या. तिची बाजाराची पिशवी अडकवायची. ती सातवी आली. चौघींना घेतले. प्रशिक्षकांनी तिला बाजूला बोलावून कानडीत काही सांगितले. आम्हांला वाटले, ती आता रडेल. ती आली आणि म्हणाली, “अज्जा, सर म्हणाले, पायात दम आहे, सीट चार बोटं वर घे, पुढच्या वर्षी ये. आणि मला भूक लागली आहे.”

बसस्थानकाशेजारी आम्ही दोघांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्ले. सायकल गाडीच्या टपावर चढवायची होती. कंडक्टर खालून दोर द्यायला आला, पण तिने त्याला थांबवले. उजवा खांदा नळीखाली दिला, हात खालून वळवून डावी मूठ धरली आणि शिडीच्या पायऱ्या एकामागून एक चढू लागली. आम्ही खाली उभे होतो. टपावर पोचल्यावर तिने वाकून विचारले, “जड लागत नाही हो. धाकटे अज्जा खरंच सांगत होते.”

घरी आल्यावर तिने सीट चार बोटे वर घेतली. तिचा पाय जमिनीला पुरता टेकत नाही, म्हणून तिची आजी रोज सकाळी कुरकुरते. आम्ही कुरकुरत नाही. पावसाळ्यात बांधावर गाळ साचला की आम्ही ओसरीवर खुर्ची घेऊन बसतो, आणि ती दिसेनाशी होईतो बसून राहतो.